काळा कोंबडा, चार रंगांच्या कोंबड्या आणि एक पट्टेरी पिल्लू

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं नीट लागेल. तुमच्याकडे काळा कडकनाथ कोंबडा आहे आणि त्याच्याखाली चार कोंबड्या, एक पांढरी, एक तांबडी आरआयआरसारखी (म्हणजे ऱ्होड आयलंड रेड जातीसारखी), एक आडव्या पट्ट्यांची काबरी आणि एक जुनी गावरान करडी. छोट्या इन्क्युबेटरमध्ये अंडी लावली, अठराव्या दिवशी प्रत्येकीची अंडी कांद्याच्या जाळीच्या वेगवेगळ्या पिशवीत घातली म्हणून कुठलं पिल्लू कुणाचं ते पक्कं कळलं. पांढरीची ६, त्यात ४ पिवळी काळ्या ठिपक्यांची आणि २ काळी. तांबडीची ७, सगळी काळी. काबरीची ६ पण काळीच, त्यातल्या तिघांच्या डोक्यावर पांढरा ठिपका, आणि आता दोन महिन्यांनी तेच तिघं काबरे नर झालेत, बाकीच्या तीन काळ्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण माद्या. करडीची ७, त्यातली ६ काळी आणि एक मात्र खारीसारखं पट्टेरी. तुम्ही विचारताय की शेजारचा कोंबडा शिरला का, आणि नरांचे पाय उजळ पडलेत म्हणजे कोंबडा विकणाऱ्याने फसवलं का.

सगळ्यात आधी, ती जाळीची पिशवी वापरलीत त्याबद्दल मनापासून शाबासकी. वीसेक वर्षं मी हे करतोय आणि लोक रंगाबद्दल विचारायला येतात तेव्हा पन्नास पिल्लं एकत्र निघालेली असतात, कोण कुणाचं पत्ता नाही, मग मी तरी काय सांगणार. तुमच्याकडे आई पक्की आहे त्यामुळे जवळजवळ सगळ्याचं उत्तर देता येतं.

मूळ गोष्ट एकच लक्षात घ्या, कोंबडीच्या अंगावर दिसतो तो रंग म्हणजे तिच्याकडे जे आहे त्यातलं थोडंसंच. प्रत्येक रंगाच्या जीनच्या दोन कॉप्या, एक आईकडून एक बापाकडून, आणि एक वरचढ निघाली की दुसरी गपगुमान खाली बसते पण जात नाही, पुढच्या पिढीत बाहेर येते. म्हणून क्रॉस कोंबडीबद्दल तिच्याकडे बघून काही सांगू नये, तिची पिल्लं बघून सांगावं. पिल्लं हीच तिची पत्रिका. आपण शाळेत वाटाण्याचं शिकलो ना मेंडेलचं, ते नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे १९०२ मध्ये विल्यम बेटसनने दाखवलं ते कोंबड्यांवरच, तुऱ्याच्या आकारावरून. आपल्या खुराड्यात जे चाललंय ते त्याच शास्त्राचं आहे, नशिबाचा खेळ नाही.

आता तांबडीपासून सुरू करतो कारण ती सोपी. तुमच्या कोंबड्याकडे काळा रंग अंगभर पसरवणारी जीन आहे आणि ती तांबड्यावर वरचढ आहे, म्हणून सातही काळी. पण ही वरचढ शंभर टक्के नाही हां. चौथ्या पाचव्या महिन्यात बघा, नरांच्या मानेवरच्या लांब पिसांत आणि पाठीवर तांबडं सोनेरी डोकवायला लागेल, तलंगांच्या छातीवर नाहीतर मानेवर थोडं येईल. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, उलट ती या क्रॉसची खूणच आहे, खाली आईचा तांबडा रंग बसलाय असं सांगणारी. आणि एक, काळ्या पिल्लांचं पोट आणि पंखांची टोकं पांढुरकी असतात ते बघून लोक म्हणतात बांडं निघालं. नाही. काळ्या जातीच्या पिल्लांना ते तसंच असतं, लव गळून पिसं भरली की जातं. पहिल्या दिवसाच्या लवेवरून मोठेपणीचा रंग ठरवायचा असेल तर पोट सोडून पाठ आणि डोकं बघावं.

काबरीचं प्रकरण मला सगळ्यात आवडतं आणि दर वेळी नव्याने आवडतं, म्हणून जरा लांबण लावतो.

माणसात पोरगा की पोरगी हे बापाकडून ठरतं, कोंबड्यात उलटं आहे, आईकडून ठरतं. नर मादी ठरवणारी दोन गुणसूत्रं असतात, म्हणजे जीन वाहून नेणारे धागे, त्यांना झेड आणि डब्ल्यू म्हणतात. कोंबड्याकडे दोन झेड, कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. कोंबडी मुलाला झेड देते आणि मुलीला डब्ल्यू. आणि आडव्या पट्ट्यांची जीन बसलीय झेडवर. म्हणजे काबरी आई आपले पट्टे फक्त मुलांना देऊ शकते, मुलींना देऊच शकत नाही, तिच्या हातातच नाही ते. मुलीला जो एकुलता एक झेड मिळतो तो बापाचा, आणि बाप बिनपट्ट्याचा काळा. म्हणून मुलगे काबरे, मुली काळ्या, सहाच्या सहा बरोबर. तुमच्या या एका जोडीत निसर्गाने नर मादी वेगळी करून दिलीत, हॅचरीवाले काही जातींमध्ये हेच मुद्दाम करून पहिल्या दिवशी नर बाजूला काढतात.

तो डोक्यावरचा ठिपका बघायची पण एक पद्धत आहे. पिल्लू पूर्ण वाळू द्या, ओलं असताना लव चिकटलेली असते आणि ठिपका दिसत नाही किंवा नसलेला दिसतो. मी संध्याकाळी बल्बखाली एकेक पिल्लू मुठीत धरतो, चोच अंगठ्याकडे, आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने डोक्याच्या मागच्या बाजूची लव हलकी उलटी सारतो. ठिपका असला तर पिवळट पांढरा, कडा फिसकटलेल्या, जसं कुणी चुन्याचं बोट टेकवलंय. नसला तर मुळापर्यंत काळं. बघितलं की लगेच पायात रंगीत प्लॅस्टिकचं कडं, नराला एक रंग मादीला एक, आणि दर आठ पंधरा दिवसांनी कडं बदलायचं, पाय जाड होतो आणि कडं रुततं, हे विसरू नका. हा ठिपका काळ्या लवेवरच भरवशाचा, पिवळ्या किंवा पट्टेरी पिल्लावर त्यात डोकं घालू नये.

उलट केलं तर मात्र ही गंमत जाते. काबरा कोंबडा आणि काळ्या कोंबड्या असं लावलं, आणि कोंबडा शुद्ध दोन कॉप्यांचा असला, तर मुलगे मुली सगळेच काबरे. तुमच्या आताच्या काबऱ्या मुलांकडे एकच कॉपी आहे, त्यांना काळ्या कोंबड्यांवर सोडलंत तर निम्मी काबरी निम्मी काळी, नरही तसेच माद्याही तशाच, रंगावरून काही कळणार नाही. आणि त्या तीन काळ्या तलंगांच्या पोटात काबरेपणा लपलाय अशी आशा ठेवू नका. कोंबडीकडे झेड एकच असल्यामुळे ही जीन तिला लपवता येत नाही, असली तर दिसतेच. बाकीच्या बऱ्याच रंगांत लपवाछपवी चालते, इथे नाही. म्हणजे नर मादी ओळखायची सोय पाहिजे असेल तर दर वर्षी काबरी आईच जपायची, तिची मुलं नाही.

आपल्याकडे काबरी हा शब्द फार सैल वापरतात. तपकिरी अंगावर बारीक काळे फटकारे असलेली गावरान कोंबडीसुद्धा काबरी, काळ्यावर पांढरे आडवे पट्टे असलेली पण काबरी. पहिलीत ही झेडवाली जीन असेलच असं नाही, तो वेगळा प्रकार आहे, तो बहुतेक माद्यांतच दिसतो आणि त्याच जातीचा कोंबडा तांबडा काळा साधा असतो. कोंबड्याच्या पण प्रत्येक पिसावर पांढरे पट्टे आले तर समजा हीच जीन. दोन कॉप्यांचा नर एका कॉपीच्या मादीपेक्षा उजळ दिसतो, पांढरा पट्टा रुंद पडतो, ती पण एक खूण.

पांढरीकडे येऊ. पांढरा रंग दोन अगदी वेगळ्या वाटांनी येतो आणि लोकांचा गोंधळ इथेच होतो. एक वरचढ पांढरा, लेगहॉर्न जातीच्या पांढऱ्या कोंबड्यांमध्ये असतो तो, एक कॉपी असली तरी काळा रंग पुसून टाकतो. दुसरा दबलेला पांढरा, दोन्ही कॉप्या असतील तरच पिल्लू पांढरं, नाहीतर अजिबात पत्ता लागत नाही. तुमच्या पांढरीच्या सहापैकी चार पिवळी निघाली, हीच मोठी झाल्यावर पांढरी होतात, म्हणजे तिचा पांढरा वरचढ जातीचा, आणि दोन काळी निघाली म्हणजे तिच्याकडे त्याची एकच कॉपी आहे, म्हणजे ती स्वतःच क्रॉस आहे, शुद्ध लेगहॉर्न असती तर सहाच्या सहा पांढरी यायला हवी होती. त्या चार पिल्लांवरचे काळे ठिपके, ते पण एका कॉपीचंच लक्षण, पुसणं थोडं अपुरं पडलेलं असतं. अजून एक, हा वरचढ पांढरा काळ्याला पुसतो पण तांबड्याला तेवढा हात लावत नाही, म्हणून त्यातल्या एखाद्या नराच्या खांद्यावर पुढे पिवळट तांबूस छटा आली तर आश्चर्य करू नका. आणि लेगहॉर्नच्या रक्तात पांढऱ्याखाली पट्ट्यांची जीन लपलेली बऱ्याचदा सापडते, तेव्हा त्या दोन काळ्यांपैकी एखादा नर असला आणि त्याला पट्टे फुटले तरी तो तुमच्या पांढरीचाच, शेजाऱ्याचा नाही. तुम्ही म्हणाल आत्ता तर सांगितलं ही जीन लपत नाही. खरंय, स्वतःहून लपत नाही, पण वर पांढरा रंगच फासलेला असला तर पट्टे दिसायला काळं उरायला नको का.

दबलेल्या पांढऱ्याचा मला स्वतःला मोठा अनुभव आहे. सुरवातीच्या वर्षांत एका करड्या कोंबडीखाली दोन पांढरी शुभ्र होणारी पिल्लं निघाली, कोंबडा तांबडा. मी शेजारच्यांना जाऊन बोललो, तुमचा ब्रॉयलर आमच्यात शिरतो म्हणून, आणि शब्दाला शब्द लागला. मग त्याच जोडीला महिनाभर वेगळ्या खुराड्यात बंद ठेवलं आणि नंतरची अंडी बसवली, ११ पिल्लं निघाली आणि त्यात परत ३ पांढरी. दोघांकडे दबलेल्या पांढऱ्याची एकेक कॉपी होती, चारात एक या हिशोबाने ती येणारच होती. शेजाऱ्याकडे जाऊन माफी मागितली. तेव्हापासून ठरवलंय, आधी जोडी बंद करून बघायची, मग बोलायचं.

आता ते पट्टेरी पिल्लू. तपकिरी पाठीवर लांब गडद पट्टे, डोळ्याजवळून रेघ, ही रानटी मूळ रंगाची खूण, तुमच्या करडीचा स्वतःचा रंग तोच आणि ती पिल्लू असताना अशीच दिसली असणार. पण बाप काळा असताना हे यायला बापाकडूनही तीच कॉपी मिळायला हवी. दोन शक्यता उरतात. एक, तुमच्या कोंबड्याकडे काळ्याची एकच कॉपी आहे, खाली दुसरा रंग लपलाय. कडकनाथमध्ये पूर्ण काळा, पेन्सिल्ड आणि गोल्डन असे तीन प्रकार असतात तेव्हा हे अशक्य नाही. दुसरी शक्यता तुमच्याच बोलण्यात आहे, तुम्ही जाता जाता लिहिलंय की जुना तांबडा गावरान कोंबडा विकून हा आणला आणि त्यानंतर १० दिवसांनी अंडी जमवायला लागलात.

ताई, १० दिवस पुरत नाहीत. कोंबडीच्या अंडनलिकेत बीज साठवून ठेवायच्या बारीक नळ्या असतात आणि एकदा कोंबडा लागला की दोन तीन आठवडे त्यावर फलित अंडी येऊ शकतात. नवा कोंबडा आला की त्याचं बीज जास्त लागतं हे खरं, पण जुन्याचं एखादं अंडं मध्येच निघतं. म्हणून कोंबडा बदलला की निदान तीन आठवडे अंडी खायला वापरायची, बसवायची नाहीत. आणि हेही तितकंच खरं की तीन चार आठवडे उलटले की जुन्या कोंबड्याचा काहीही संबंध राहत नाही, कोंबडी पहिल्या कोंबड्याचा रंग जन्मभर धरून ठेवते असं आपल्याकडे म्हणतात त्याला काही आधार नाही.

मग दोन्हीतलं कुठलं? इथे तांबडीची सात पिल्लं साक्षीला येतात. कोंबड्याकडे काळ्याची एकच कॉपी असती तर तांबडीची साधारण निम्मी पिल्लं काळी न होता वेगळी निघाली असती. सातच्या सात काळी यायची शक्यता अशावेळी १२८ मध्ये १. वर करडीची सहा काळी. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, कोंबडा काळ्यात शुद्ध आहे आणि ते पट्टेरी पिल्लू जुन्या तांबड्याचं आहे. शेजारच्या कोंबड्याला यात ओढू नका.

पायांच्या रंगाचं. कडकनाथचं काळं कातडं, काळं मांस, काळी हाडं ही पिसांच्या काळ्यापेक्षा वेगळी जीन आहे. काळं पीस म्हणजे कडकनाथ नव्हे, ऑस्ट्रलॉर्प जातीचा कोंबडा पण काळाच असतो. ही काळ्या कातडीची जीन वरचढ आहे, पण तिला दाबणारी एक दुसरी जीन आहे आणि ती परत झेडवर बसलीय! पिवळ्या पांढऱ्या पायांच्या कोंबड्यांकडे ही दाबणारी असते, कडकनाथकडे नसते. आई ती कुणाला देणार, मुलांना. मुलींना बापाचा झेड, त्यावर दाबणारी नाही. म्हणून तुमच्या तलंगा काळ्या पायांच्या, काळ्या तोंडाच्या, आणि त्यांचेच भाऊ उजळ. बेटसन आणि पनेट या दोघांनी १९११ मध्ये काळ्या कातडीच्या सिल्की कोंबड्यांना लेगहॉर्नबरोबर लावून हेच लिहून ठेवलंय. तेव्हा तुम्हाला फसवलेलं नाही, उलट कोंबडा खरा असल्याचा हा चांगला पुरावा आहे. फसवणूक कुठे होते तर या असल्या पहिल्या क्रॉसच्या काळ्या तलंगा कडकनाथ म्हणून विकतात तिथे, दिसतात हुबेहूब तशाच आणि पुढच्या पिढीत सगळं फुटतं. तुम्ही विकाल तेव्हा कृपा करून कडकनाथ क्रॉस म्हणूनच विका, घेणारा त्यावर पुढची पैदास करणार असतो, त्याचं वर्ष जातं.

पिवळ्या पायावरून आठवलं म्हणून सांगतो. पाळीव कोंबडी मुख्यतः लाल रानकोंबड्यापासून आली, पण पिवळ्या कातडीची जीन लाल रानकोंबड्याकडून आलेली नाही, ती आली करड्या रानकोंबड्याकडून, असं २००८ मध्ये सिद्ध झालं. हा करडा रानकोंबडा म्हणजे आपल्या सह्याद्रीत पहाटे ओरडतो तो. जगभरच्या पिवळ्या पायांच्या कोंबड्यांत त्याचं थोडं रक्त आहे. मला हे वाचून फार भरून आलं होतं.

शेवटी तुम्ही राखी रंगाचं विचारलंय, बाजारातून राखी कोंबडी आणावी का. जरूर आणा, हा रंग समजायला सोपा आहे. राखी म्हणजे काळा रंग फिकट करणाऱ्या जीनची एक कॉपी. दोन कॉप्या झाल्या की पांढरट अंगावर राखी शिंतोडे. राखीला काळा लावला तर निम्मी राखी निम्मी काळी. राखीला राखी लावला तर चारात दोन राखी, एक काळं, एक शिंतोड्याचं, म्हणजे सगळी राखी कधीच येत नाहीत आणि लोक उगाच म्हणतात की जात बिघडली. सगळीच राखी पाहिजे असतील तर शिंतोड्याची कोंबडी घ्यायची आणि तुमचा काळा कोंबडा लावायचा. हे काळ्या अंगावर चालतं, तांबड्यावर याचा फारसा उपयोग नाही.

आता पुढे काय करायचं ते. या पिल्लांतला नर ठेवून त्यांच्यातच लावायचा विचार असेल तर करू नका, एक तर भावाबहिणींचं रक्त आणि दुसरं म्हणजे दबलेलं सगळं बाहेर येईल, अठरापगड रंग होतील आणि तुम्ही आत्ता जे शिकताय ते सगळं गढूळ होईल. हाच कोंबडा अजून वर्षभर राहू द्या. करडीला आणि त्याला दोघांनाच वेगळं ठेवा, आजपासून तीन आठवडे अंडी खा, मग आठ दहा अंडी पेन्सिलीने तारीख घालून जमवा आणि परत त्याच जाळीच्या पिशवीत काढा. आठ पिल्लं निघाली आणि आठही काळी, तर माझा अंदाज बरोबर, कारण कोंबड्याकडे काळ्याची एकच कॉपी असताना असं व्हायची शक्यता २५६ मध्ये १ आहे. एक जरी पट्टेरी निघालं तर माझं चुकलं, कोंबड्याच्या पोटात दुसरा रंग आहे असं धरा. आणि तोपर्यंत त्या आताच्या पट्टेरी पिल्लाची जीभ आणि पंखाखालचं कातडं त्याच आईच्या दुसऱ्या काळ्या पिल्लाशेजारी धरून दिवसाच्या उजेडात बघा, शक्यतो नराला नर आणि मादीला मादी ताडून, काळ्याचा अंशही नसेल तर मला कळवा.